रात्रशाळा, १८५५ : चित्राआधीच्या नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

दिवाळीतल्या उरलेल्या पणत्या काल रात्री स्वयंपाकघरात लावून बघितल्या. ट्यूब बंद, खिडकीवर चादर. एका पणतीच्या उजेडात किती माणसं दिसतात ते पाहायचं होतं. आईला आणि भावाला जमिनीवर बसवलं. दिव्यापासून दीड फुटावरचा आईचा हात लखलखीत, तीन फुटांवरचा तिचा चेहरा बराच मंद, आणि पाठीमागे भिंतीला टेकलेला भाऊ म्हणजे नुसता आकार. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो हे शाळेत शिकले होते, काल ते डोळ्यांनी पाहिलं.

वर्षभर मनात असलेलं चित्र आता सुरू करते. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली राहत्या घरी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. भिडेवाड्यातल्या १८४८ च्या मुलींच्या शाळेची चित्रं पुष्कळ दिसतात. दिवसभर राबून आलेली मोठी माणसं रात्री अक्षरं गिरवायला बसतात, ते चित्र मात्र मला मनासारखं कुठे भेटलं नाही. त्या माणसांचे हात मला काढायचे आहेत.

कॅनव्हास चार फूट बाय तीन फूट, तैलरंग. जमिनीवर एक दिवा, भोवती पाच शिकणारे. जोतीराव एका बाजूला वाकलेले, सावित्रीबाई दिव्याची वात सारताहेत. दोघंही मध्यभागी नाहीत.

सात माणसांना महिनाभर दिव्यासमोर बसवून ठेवणं शक्य नाही, म्हणून मित्रमंडळींना बोलावून फोटो काढायचे आणि त्यावरून काम करायचं. आपल्याकडे घरच्या माणसांना उभं करून चित्र काढण्याची रीत जुनीच आहे. सा. ल. हळदणकरांचं दिवा हाती धरलेल्या बाईचं जलरंगातलं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्यासाठी त्यांची मुलगी गीता उभी राहिली होती. पुष्कळांना ते रविवर्म्याचं वाटतं. हातातल्या दिव्याचा उजेड बोटांमधून कसा झिरपतो आणि चेहऱ्यापर्यंत कसा पोचतो, हे मी त्या चित्राची छापील प्रत समोर ठेवून कितीदा तरी अभ्यासलं आहे. अमेरिकेतला नॉर्मन रॉकवेल तर शेजाऱ्यांनाच बसवून फोटो काढवून घ्यायचा आणि त्यावरून रंगवायचा.

९ नोव्हेंबर

सकाळी गंज पेठेत फुलेवाड्यात गेले. पेठेला आता महात्मा फुले पेठ म्हणतात. याच घराचा हौद जोतीरावांनी १८६८ साली अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. अंगणात समाधीपाशी थोडी बसले, मग आतल्या खोल्यांत फिरले. खोल्यांचा आकार, आढ्याची उंची, दारं बंद झाली तर आत किती अंधार होईल, एवढंच वहीत उतरवलं. हात वर केला की लाकूड जवळ वाटतं. म्हणजे जमिनीवर दिवा ठेवला तर माणसांच्या सावल्या भिंतीवर चढून छतावर वळतील. चित्राचा वरचा तिसरा हिस्सा आता मोकळा सोडायची गरज नाही, तो सावल्यांनी भरेल.

घरी येऊन वयं मांडली. जोतीराव ११ एप्रिल १८२७ चे, सावित्रीबाई ३ जानेवारी १८३१ च्या. म्हणजे १८५५ साली ते २८ वर्षांचे आणि त्या २४ वर्षांच्या. आपण त्यांना नेहमी पोक्त काढतो, कारण भिंतीवरच्या तसबिरीत ते तसे असतात. ज्या वर्षी जोतीरावांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं, ज्या वर्षी त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, त्याच वर्षी ही दोन तरुण माणसं रात्री दिवा लावून शाळा घेत होती. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह त्याच्या आदल्याच वर्षी निघाला होता. चित्रात हे तरुणपण दिसलं पाहिजे.

दिव्याचं ठरलं. कंदील नको. जुना काळ दाखवायचा म्हटलं की चित्रकार सरसकट काचेचा कंदील टांगतात, पण आपल्याकडे रॉकेलचे दिवे नंतर आले. १८५५ च्या साध्या घरात करडईचं, एरंडाचं किंवा करंजाचं तेल आणि कापसाची वात. पितळेची नक्षीदार समईही नको, त्याने चित्र देवघरात जाऊन बसेल. मातीची मोठी पणती, लाकडी ठोकळ्यावर.

१३ नोव्हेंबर

दिवसभर कपड्यांच्या मागे होते. एका ड्रेपरीवाल्याकडे गेले. त्याच्याकडे मावळे आहेत, पेशवे आहेत, लावणीच्या नऊवाऱ्या आहेत. कामकरी नाहीत. जे ‘शेतकरी’ म्हणून दाखवलं ते पांढरंशुभ्र टेरिकॉटचं धोतर आणि तयार बांधून शिवलेला लाल फेटा. दिव्याच्या उजेडात टेरिकॉट चकाकतं, सुती कापड उजेड पिऊन घेतं. फोटोत हा फरक पहिल्या नजरेत कळतो, चित्रात तर जास्तच. काही न घेता परतले.

मग मांजरपाट आणला, बारा मीटर. चहाच्या पाण्यात उकळला, दोनदा धुतला, पिळून तसाच वाळवला, इस्त्री नाही. मुंडाशांसाठी त्याच्याच लांब पट्ट्या. दोन घोंगड्या आईच्या माहेरून आल्या आहेत, खऱ्या धनगरी विणीच्या, काळ्या. घोंगडीचा काळा रंग फार सुंदर आहे. त्यात तपकिरी आहे, निळं आहे, आणि कडेला उजेड लागला की केस न् केस दिसतो.

पुरुषांच्या डोक्यांचा प्रश्न मोठा आहे. त्या काळी डोकं भादरून शेंडी ठेवायचे. कुणालाही त्यासाठी भादरायला सांगणार नाही, सगळे मुंडाशात. एकाच्या दंडावरचं गोंदण बाहीत झाकायचं. मनगटावर घड्याळाचे गोरे पट्टे आहेत, नाकावर चष्म्याच्या खुणा आहेत. हे मी रंगवताना गाळीन, पण आत्ताच लिहून ठेवलं पाहिजे. नाहीतर फोटोत आहे म्हणून हात आपोआप ते काढतो.

१७ नोव्हेंबर

पहिलं फोटोसत्र. कसब्यातल्या मैत्रिणीच्या वाड्यातलं माजघर मिळालं आहे. वाडा पुढच्या उन्हाळ्यात पाडणार आहेत, खालची बिऱ्हाडं गेली, वर फक्त तिचे आजी-आजोबा आहेत. माजघराला एकच खिडकी, ती आतून घोंगडीने झाकली. तुळया धुराने काळ्या झालेल्या. जमिनीला शहाबादी फरशी आहे, तिच्यावर पोती अंथरली. सारवलेल्या जमिनीचा फोटो गावाकडून वेगळा आणीन.

रविवार दुपार निवडली, सगळ्यांना सुट्टी म्हणून. पोहे झाले, चहा झाला, कपडे चढवले. आलेले कोण ते एकदा नोंदवते. सुतारकाम करणारा मित्र, कुरिअर पोचवणारा मित्र, माझा मावसभाऊ (तो गॅरेजमध्ये आहे), एका मंगल कार्यालयात वाढप्याचं काम करणारा शेजारी. पाचवा शिकणारा, जो एका इमारतीत रात्रपाळीला वॉचमन आहे, तो आज झोपून होता. जोतीरावांच्या जागी तालमीत कुस्ती शिकवणारा मित्र. त्याची निवड मी विचार करून केली आहे. जोतीराव लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत दांडपट्टा शिकले होते, त्यांची अंगकाठी कमावलेली असणार. सावित्रीबाईंच्या जागी नर्स मैत्रीण, वय पंचवीस.

आधी पणतीच्या खऱ्या उजेडात प्रयत्न केला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ३२०० पर्यंत वाढवली, लेन्सचं छिद्र एफ/२ एवढं मोठं उघडलं, आणि तरीही शटर १/८ सेकंद. माणूस श्वास घेतो तेवढ्यानेही चित्र हलतं. शिवाय एफ/२ ला बोटं स्पष्ट आली की चेहरा धूसर. मला दोन्ही हवं, म्हणून छिद्र लहान करून एफ/५.६ केलं तर एक सेकंद लागतो. म्हणून पणतीच्या जागी, ठोकळ्याच्या आड, नऊ वॅटचा पिवळट एलईडी बल्ब ठेवला. आता एफ/५.६ ला १/६० मिळतं. बल्ब ज्योतीपेक्षा बराच मोठा, त्यामुळे सावल्यांच्या कडा मऊ पडतात. यावर उपाय असा की माणसांचे फोटो बल्बवर काढायचे, आणि नंतर कॅमेरा न हलवता फक्त ज्योतीवर एकेक लांब फोटो काढायचा. पहिल्यातून शरीर घ्यायचं, दुसऱ्यातून सावलीची कड आणि रंग.

कॅमेरा तिवईवर, जमिनीपासून तीन फूट, दिव्यापासून नऊ फुटांवर, ५० मिलिमीटरची लेन्स. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलं तर पुढचा हात डोक्याएवढा दिसतो.

तांत्रिक बाजू सगळी जमली. संध्याकाळी संगणकावर फोटो उघडले आणि बसून राहिले. एकही कामाचा नाही. प्रत्येक जण फोटोला बसलेला आहे. ताजे चेहरे, नीट पाठी, वाचण्याचा आविर्भाव. आणि हात! पाटीवरची पेन्सिल सगळ्यांनी अशी सराईतपणे धरली आहे की पहिलीपासून लिहीत आलेली माणसं आहेत हे लपत नाही.

निघताना सुतार मित्र जे म्हणाला ते फोटो पाहिल्यावर नीट कळलं. “दिवसभर रंधा मारल्यावर माझी बोटं अशी मिटतच नाहीत गं. तू मला सुट्टीच्या दिवशी बोलावलंस, इथेच चुकलं.”

२० नोव्हेंबर

मतदानाची सुट्टी. मत देऊन दुपारी वाड्यात आजींकडे गेले, नऊवारी नेसवून दाखवा म्हणून. मागच्या रविवारी नर्स मैत्रिणीने शिवलेली नऊवारी घातली होती. आजींनी तिचे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, “शिवलेल्या लुगड्याला ओचा कुठून येणार, पोरी? आणि वाकल्यावर काष्टा बघ कसा लटकलाय.”

आजींनी त्यांचं जुनं सुती लुगडं काढलं, माझ्याच अंगावर नेसवलं. पोटाशी ओच्याचा जाड गोळा येतो, त्यात बाई सुपारीपासून किल्लीपर्यंत काहीही खोचू शकते. पदर डोक्यावरून घेऊन उजव्या खांद्यावर ओढला की वाकताना तो घसरत नाही, आणि चेहऱ्याच्या कडेला एक खोल सावलीची पन्हळ तयार होते. हीच कड मला हवी होती. चोळी पुढे गाठ मारायची. बसताना एक गुडघा उभा, एक आडवा. ही बैठक शिवलेल्या नऊवारीत जमतच नाही. तासभर मला बसवून, उठवून, वाकवून आजींनी माझ्या हाडांना ते लुगडं शिकवलं.

आजोबा तिथेच झोपाळ्यावर होते. हातांची अडचण मी त्यांना सांगितली, की सगळ्यांना लिहिता येतं हीच अडचण आहे. डाव्या हाताने लिहायला लावू का, असंही विचारलं. त्यांनी थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग विचारलं, “मोडी येते का कुणाला तुमच्यात?”

आजोबा ८६ वर्षांचे. शाळेत असताना मोडी शिकलेले, पुढे वडिलांच्या दुकानाच्या वह्यांमुळे हात राहिला. आमच्यापैकी कुणालाही मोडीचं एक अक्षर येत नाही. आणि १८५५ साली हाताने लिहायचं म्हणजे मुख्यतः मोडीच होती, बाळबोध म्हणजे देवनागरी छापण्यासाठी. एकाच गोष्टीत दोन्ही प्रश्न सुटले. मित्रांनी शिकण्याचा अभिनय करायचाच नाही. त्यांनी शिकायचं.

२३ नोव्हेंबर

धूळपाट्या केल्या. सुतार मित्राने सागाच्या जुन्या फळ्या दिल्या, एकेक फूटभर. पूर्वी शाळेत अशा फळीवर बारीक धूळ किंवा विटेची पूड पसरून काडीने अक्षरं काढत. कागद महाग होता. वीट कुटली, चाळणीने तीनदा चाळली.

रात्री एक पाटी पणतीजवळ ठेवून बघितली आणि मनापासून आनंद झाला. दिवा जमिनीलगत असल्यामुळे उजेड पाटीवरून जवळजवळ आडवा सरकतो. काडीने पडलेल्या प्रत्येक चरीची एक बाजू सोन्यासारखी पेटते आणि दुसरी काळी पडते. अक्षर खोदलेलं दिसतं. पांढऱ्या पेन्सिलीने काळ्या पाटीवर हे कधीच मिळालं नसतं. चित्रातली सर्वांत उजळ जागा ज्योत नसेल, तिच्या शेजारची पाटी असेल.

२७ नोव्हेंबर

रात्रीचे दोन वाजले आहेत. थंडी आहे. झोपण्याआधी लिहून ठेवते.

आज बुधवार. सगळ्यांना सांगितलं होतं, कामावरून परस्पर या, घरी जाऊन आंघोळ करून येऊ नका. साडेआठपासून एकेक येत गेले. सुताराच्या भुवयांवर भुसा होता, तो मी पुसू दिला नाही. मावसभावाच्या नखांत ग्रीस. नर्स मैत्रीण सलग दोन पाळ्या करून आली, जिना चढून आल्यावर भिंतीला टेकून तिने दोन मिनिटं डोळे मिटले. वॉचमन मित्र आजही आला नाही, बदली मिळाली नाही. आजींनी पिठलं-भाकरी केली होती. कपडे चढवून सगळे तसेच जेवले, आणि पावणेदहाला दिव्याभोवती बसले.

मी कुणालाही काही सांगितलं नाही. आजोबा कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, डाव्या बाजूला बसले आणि त्यांनी वर्ग सुरू केला. “आधी पूर्ण ओळभर रेघ ओढा. देवनागरीसारखं अक्षराअक्षराला वेगळं टोपण नाही. आता या रेघेखाली अक्षर, आणि काडी शक्यतो उचलायची नाही.” ह्रस्व-दीर्घाची कटकट नाही म्हटल्यावर वाढपी शेजाऱ्याला फार बरं वाटलं.

पहिली दहा मिनिटं त्यांना कॅमेऱ्याची जाणीव होती. मग गेली. मावसभाऊ काडी पान्यासारखी मुठीत धरायला लागला. सुताराची जीभ ओठाच्या कोपऱ्यात आली. अक्षर चुकलं की तळहाताने धूळ सारखी करायची, ती करताना त्याचा हात फळीला रंधा मारतो तसाच फिरला, लांब आणि एकाच दिशेने. हा हात मला रविवारी सांगून मिळाला नसता. तालमीतला मित्र वाढप्याच्या खांद्यावरून वाकून स्वतःच बघायला लागला, की याला आलं मग मला का येत नाही. जोतीरावांची जी मुद्रा मी आठ दिवस रेखाटत होते, ती त्या वाकण्यात होती. शिकवणारा थोडा शिकतोही आहे.

साडेदहाच्या सुमाराला कुरिअरवाला मित्र पेंगला. काडी हातात, हनुवटी छातीवर, पाटी मांडीवरून घसरायला लागली. शेजारी बसलेल्या सुताराने स्वतःच्या पाटीवरची नजर न हलवता गुडघा पुढे केला आणि त्याची पाटी टेकवून धरली. कुणी हसलं नाही. आजोबांनी आवाज जरा खाली आणला आणि पुढचं अक्षर सांगितलं. मी श्वास रोखून शटर दाबत होते.

हेच चित्र आहे. तो गुडघा.

शेवटी सगळ्यांना जागचं हलू न देता बल्ब बंद केला, खरी पणती लावली आणि ज्योतीवरचे फोटो घेतले. मग वीस मिनिटं मी सहा इंच बाय आठ इंचाच्या बोर्डवर तैलरंगात नुसते रंगाचे ठिपके मांडले, आकार नाहीत. घोंगडीची सावली, मांजरपाटाची सावली, कातडीची सावली. कॅमेऱ्याला हे तिन्ही अंधार एकच काळे दिसतात. डोळ्याला ते तीन वेगळे रंग आहेत, आणि ते तिथेच, त्याच रात्री टिपायला हवेत.

निघताना एकाही जणाने पाटी तशी ठेवली नाही. प्रत्येकाने आपलं नाव मोडीत लिहून घेतलं आणि फोटो काढून नेला.

२८ नोव्हेंबर

जोतीरावांचा स्मृतिदिन. १८९० साली याच दिवशी ते गेले. तारीख मी जुळवून ठरवली नव्हती, सगळ्यांच्या सोयीचा बुधवार धरला आणि रात्र बाराच्या पुढे गेली. सकाळी फुलेवाड्यात जाऊन आले. गर्दी होती, खेड्यापाड्यांतून माणसं आली होती. एक म्हातारे गृहस्थ माहितीफलकावरची अक्षरं बोट लावून, मोठ्याने, जुळवून वाचत होते. मी बाजूला उभी राहिले, त्यांचं वाचून होईपर्यंत.

२ डिसेंबर

चारशेच्या वर फोटो आहेत, त्यांतले अठरा बाजूला काढले. एक अख्खा फोटो जसाच्या तसा चित्र होऊ शकत नाही. गुडघ्याच्या फोटोत सावित्रीबाईंचा हात दिव्याआड गेला आहे. तो दुसऱ्या फोटोतून घ्यायचा, पण त्या क्षणी ज्योत जिथे होती तिथूनच उजेड येतो आहे ना ते तपासून. वात सारताना ठोकळा दोन इंच सरकला होता. दोन इंचांनी भिंतीवरची सावली वीतभर हलते.

८ डिसेंबर

वॉचमन मित्राचे फोटो त्याच्या खोलीवर जाऊन काढले. घोंगडी, पाटी, पणती, बल्ब सगळं नेलं. तो पुढच्या कोपऱ्यात, पाठमोरा यायचा आहे. घरी येऊन बाकीच्यांशेजारी ठेवला तर तो त्या खोलीत बसलेलाच वाटेना. कारण शोधायला तास लागला. तिवई न्यायला विसरले होते, कॅमेरा उभ्याने हातात धरला होता. बाकीच्यांकडे मी बसलेल्या माणसाच्या नजरेतून बघते आहे, याच्याकडे उभी राहून. त्याच्या पाटीचा पृष्ठभाग पूर्ण दिसतो, बाकीच्यांच्या पाट्या निमुळत्या पट्ट्यासारख्या. एका चित्रात दोन क्षितिजं चालत नाहीत.

११ डिसेंबर

परत गेले. तीन फूट उंची, नऊ फूट अंतर, दोरीने मोजून. आज तो पाळी संपवून नुकताच आला होता, सकाळचे आठ. त्याला मोडीची पहिली सहा अक्षरं मीच शिकवली, आजोबांनी मला शिकवल्याप्रमाणे. त्याची मान ज्या कोनात खाली गेली आहे, तिथे सगळी रात्र जमा झालेली दिसते.

१४ डिसेंबर

कॅनव्हासवर रेखाटन. प्रोजेक्टर लावून गिरवलं नाही, चौकटी आखून हाताने मोठं केलं. गिरवलं की लेन्सचं सगळं येतं आणि माझं काही येत नाही. हाताने काढताना दर ठिकाणी ठरवावं लागतं. सुताराचा गुडघा मी फोटोपेक्षा चार बोटं पुढे आणला. मुंडाशांच्या घड्या निम्म्या केल्या. कुरिअरवाल्याच्या हातातली काडी फोटोत जवळजवळ पडलेली आहे, मी ती दोन बोटांत अडकवली. झोपेतही त्याने ती सोडली नव्हती. नंतर उठवलं तेव्हा ती बोटांत तशीच होती.

३ जानेवारी २०२५

सावित्रीबाईंची जयंती. खालचा थर पूर्ण झाला, रॉ अंबर आणि थोडं अल्ट्रामरीन. उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढल्या.

त्यांच्या चेहऱ्याचा निर्णय आज केला. माझ्या मैत्रिणीचा चेहरा सावित्रीबाई म्हणून देणं मला योग्य वाटत नाही, आणि तसबिरीतला चेहरा आणून चिकटवणंही नाही. पदराच्या पन्हळीत चेहरा बराचसा सावलीत जाईल. गालाची कड, नाकाचं टोक आणि वात सारणारी बोटं एवढंच उजेडात. ती बोटं मात्र पूर्णपणे माझ्या मैत्रिणीची आहेत, सतत धुऊन धुऊन कोरडी पडलेली, सांध्यांवर बारीक भेगा. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. नर्सचे हात मी बदलणार नाही.

१५ जानेवारी

कातडीचे रंग. ज्योतीजवळ यलो ऑकर, पांढरा आणि कॅडमियम ऑरेंजचं एक टोक. दूर जाताना बर्न्ट सिएना, आणि सावलीत त्या रात्रीच्या ठिपक्यांच्या बोर्डवरून घेतलेला जांभळट तपकिरी. फोटो पाचव्या मिनिटाला उलटा ठेवला आणि बोर्डवरूनच काम केलं. मावसभावाच्या नखांतलं ग्रीस शेतातली माती झालं आहे. रंग तोच लागला.

२६ जानेवारी

आजोबांना स्टुडिओत आणलं. दोन जिने चढले, मध्ये एकदा थांबून. खुर्ची चित्रासमोर ठेवली. त्यांनी माणसांकडे पाहिलंच नाही आधी, चष्मा बदलला आणि थेट पुढच्या पाटीकडे वाकले. बराच वेळ बघितलं.

“रेघ तू नंतर ओढलीस,” म्हणाले.

खरं होतं. रंगवताना मी आधी अक्षरांच्या चरी काढल्या होत्या आणि त्यांच्यावरून रेघ फिरवली होती. त्यामुळे अक्षरं रेघेला लटकत नव्हती, रेघ त्यांच्यावर टेकली होती. रंग ओला होता. त्यांच्यादेखत पाटीवरचा तेवढा भाग सुरीने खरवडला, विटेचा रंग पुन्हा सारखा केला. मग बारीक ब्रशच्या मागच्या टोकाने आधी ओळभर रेघ ओढली आणि तिच्याखाली, हात न उचलता, पहिलं अक्षर काढलं. ते बघत होते. दुसऱ्या अक्षरापाशी मी अडले, तेव्हा त्यांनी हवेत बोटाने वळण दाखवलं.

सुताराच्या पाटीवरची ओळ अजून बाकी आहे. तो रविवारी येऊन ती स्वतः काढणार आहे.